घर सोडून गेलेली तोआला

माझा भाऊ तोमासी लग्न करून बायकोला घरी घेऊन आला तेव्हा मी तिचा चेहरा नंतर पाहिला, आधी हात पाहिले. रुंद, जाडजूड, अंगठे बाहेरच्या बाजूला वळलेले. मनात म्हटलं, चला, तारोच्या, म्हणजे अळूकंदाच्या, शेताला एक माणूस मिळालं. शेत तिने कधी धड केलं नाही. पण आज बेटावरच्या आमच्या गावात विशीच्या आतला एक तरी माणूस दाखवा, ज्याचं पोट लहानपणी त्या हातांखालून गेलेलं नाही.

फुआतिनो तिचं नाव, आणि ती गावाची फोफो आहे. म्हणजे बाळंतिणी, तान्ही बाळं, पडलेली, धडपडलेली, रडवेली पोरं, सगळ्यांना तेल लावून चोळून देणारी. खोबरेलात मोसोओईची फुलं मुरवलेली तिची बाटली फालेच्या, म्हणजे आमच्या बिनभिंतीच्या घराच्या, खांबाला टांगलेली असते. त्या वासाने पोरं दुरूनच ओळखतात की आता आपली रवानगी कुठे होणार. निम्मी तिथूनच भोकाड पसरतात आणि चोळून झाल्यावर तिथून हलायला तयार नसतात.

बाळंतिणीकडे ती आधी तोआलाच्या चौकशीला जाते. बेंबीच्या खाली बाईच्या पोटात एक ठोका लागतो ना, ती तोआला. ती घरात असली की बाई धड असते. भूक लागते, झोप लागते, कंबर साथ देते. पोर बाहेर पडलं की तोआला बिथरते आणि मोकळ्या झालेल्या पोटात हिंडायला लागते. कधी बरगडीखाली जाऊन बसते, कधी कुशीत. मग त्या बाईला ना अन्न गोड लागत, ना नवरा. फुआतिनो तेलाचा हात घेऊन तिला शोधते आणि सापडली की तिच्याशी भांडते.

"काय गं भवाने, इथं काय करतेस? तिकडं चूल पेटलीय, ताट वाढलंय, जेवण गार होतंय. चल घरी. चल म्हणते ना!"

बाळंतीण हसते. हसली की पोट सैल पडतं, पोट सैल पडलं की फुआतिनोचा हात आत जातो. माझ्या मते निम्मा गुण त्या हसण्याचा असावा, पण हे मी तिला सांगितलेलं नाही. माझी स्वतःची पाच बाळंतपणं तिने काढली. तिसऱ्या खेपेला माझ्या कमरेत असं काही धरलं होतं की बसलेली उठेना आणि उठलेली बसेना. दूधही आटलं होतं. फुआतिनोने खांद्यापासून टाचेपर्यंत रोज चोळलं, वर सुआएसी, म्हणजे पपई आणि साबुदाण्याची पातळ खीर, घशाखाली उतरवली, आणि आठवड्याभरात मी उठून माझं दुकान उघडलं. दूध इतकं आलं की शेजारच्या पोरालाही पुरलं.

तान्ह्या बाळाला ती पाय पसरून नडगीवर निजवते, तोंड स्वतःकडे. बाळाशी सारखं बोलत असते. पोटात वारा धरला असेल तर तळहात गोल फिरवते, मग गुडघे हळूच पोटाशी नेते, आणि ज्या क्षणी आवाज येतो त्या क्षणी असा चेहरा करते, जणू ते पोर चर्चमध्ये पहिल्यांदा गायलं. ताप असलेल्या पोराला मात्र ती बोट लावत नाही. सरळ दवाखान्यात आकेनेसेकडे पाठवते. आकेनेसे आमची नर्स. ती उलट चार दिवस पोट साफ न झालेली बाळं इकडे पाठवते. दोघींचं चांगलं जमतं, कारण दोघीही दुसऱ्याचं ऐकून घेत नाहीत.

एक शाळकरी पोरगी होती, पुआ. दर सोमवारी तिचं पोट दुखायचं. तिच्या आईला वाटलं जंत. फुआतिनोने दोन सोमवार तिला निजवून पोट, पाठ, तळपाय चोळले. दुसऱ्या सोमवारी पोरगी अर्धवट झोपेत बोलून गेली की सोमवारी वर्गापुढे उभं राहून मोठ्याने वाचावं लागतं आणि मागची मुलं खिदळतात. फुआतिनो तेलाच्या हाताने तशीच शाळेत गेली. तिथे काय बोलली ते गुरुजींनाच ठाऊक. पोटदुखी थांबली.

पाद्रीबाई असो, गावचा मातब्बर असो, फुआतिनोचं तोंड कुणापुढे बंद होत नाही. एक मी सोडून. आमच्याकडे बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली. भाऊ तिच्यापुढे आवाज चढवत नाही, आणि त्याच्या बायकोने तर तिची सेवाच करायची. मी माझ्या नवऱ्याला घरजावई करून याच जागेवर राहिले, त्यामुळे माझी सेवा रोजची. आधी माझं ताट जायचं, मी जेवत असले की फुआतिनो पंख्याने माशा वारायची, माझ्यापुढून जाताना कमरेत वाकून जायची. आणि बोलणं काय, तर "हो वन्सं," "बरं वन्सं," "अहो वन्सं, कोको आणू का?" गावाला धारेवर धरणारी बाई माझ्यापुढे आली की मांजर व्हायची. मला काही वाईट वाटत नव्हतं. कोको ती फार चांगला करते.

तर गेल्या वर्षी नीरफणसाच्या दिवसांत या बाईची स्वतःची तोआला बिघडली.

तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची. थोरली लेक ऑकलंडला, तिला स्वतःला दोन पोरं. म्हणजे फुआतिनो आजी झालेली. पाळी कधी यायची, कधी नाही, त्यामुळे तिकडे तिने लक्षच दिलं नाही. अन्नावरची वासना गेली, कंबर धरली, पोटात काहीतरी फिरायला लागलं. तिने निदान केलं. तोआला घर सोडून गेली. मग रोज दुपारी ती आडवी पडून स्वतःच्या पोटावरून तेलाचा हात फिरवायची आणि आम्ही पलीकडे ऐकत बसायचो.

"भवाने, माझ्याच घरात तमाशा? सगळ्या गावाच्या तोआला माझं ऐकतात आणि तू मला उलटून मारतेस?"

खरंच मारत होती. एक दिवस ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "वन्सं, अशी दांडगी तोआला मी जन्मात पाहिली नाही. लाथ घालते." पाच पोरांची आई मी. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण निदान फुआतिनोने केलं होतं, आणि पोटाच्या बाबतीत तिच्या शब्दापुढे जायची सवय आम्हाला कुणालाच नव्हती. मी म्हटलं, जरा हळू चोळ, रागावली असेल.

शेवटी आकेनेसेनेच तिला रस्त्यात पाहिलं, हाताला धरून दवाखान्यात नेलं आणि पोटावर यंत्र लावलं. भरधाव ठोके ऐकू आले.

"फुआतिनो," आकेनेसे म्हणाली, "तुझ्या तोआलाला दोन पाय आहेत. आणि वर्ष-दीड वर्षात ती चालायला लागेल."

गाव किती हसलं म्हणून सांगू. तोमासी तर हसावं की लाजावं न कळून होडी घेऊन समुद्रात निघून गेला आणि मासे न धरता परत आला. ख्रिसमसच्या आधी पोरांनी खेळ केला त्यात हेच घेतलं. एक दांडगा पोरगा फुआतिनो झाला, दुसरा चादर पांघरून पोट फुगवून निजला. पहिला ओरडला, "चल भवाने, घरी चल!" आणि चादरीखालून तिसरा लंगोट लावून बाहेर आला आणि म्हणाला, "आई, पत्ता सांग की नीट." लोक हसून लोळले. फुआतिनो पुढच्याच चटईवर बसली होती, आठव्या महिन्याचं पोट सांभाळत. ती सगळ्यांत मोठ्याने हसली.

मुलगी झाली. गुटगुटीत, धट्टीकट्टी. भेटायला येणारे साबण, मासळीचे डबे, चटया घेऊन आले आणि दारातूनच विचारायला लागले, "कशी आहे तोआला?" बघता बघता पोरीचं तेच नाव पडलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण फुआतिनो हसायची थांबली.

आधी मला वाटलं, थकली असेल. मग लक्षात आलं की ती पोरीला पाजते आणि लगेच बाजूला सरकवते. चोळणं दूरच, हात फिरवणंसुद्धा नाही. धरायची ती मनगटांनी, जणू तळहात कुणाचे उसने आणलेत. पोर दुपारभर गुडघे पोटाशी घेऊन रडायची आणि जिने अख्ख्या गावाचा वारा मोकळा केला ती बाजूच्या झापाकडे तोंड करून पडून राहायची. बोलणं तर बंदच. एक दिवस खालच्या वस्तीतली एक कोवळी बाळंतीण आपलं पोर घेऊन आली. फुआतिनो म्हणाली, "माझे हात दुखतात," आणि कूस बदलली. ती पोरगी आणलेली तेलाची बाटली तशीच परत घेऊन गेली, डोळे पुसत.

तोमासीने बायकोला खूप खोदून विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "या हातांना पोर आणि तोआला यातला फरक कळला नाही. माझं स्वतःचं पोर, आणि मी त्याला शिव्या देत दाबत बसले. आता हे हात कुणाच्या लेकराला कशाला लावू?"

हे मला सांगताना माझा भाऊ रडला. "तू काहीतरी कर, ताई," तो म्हणाला. "तुझं ती ऐकते."

"ऐकत नाही रे. मान डोलावते," मी म्हटलं. "त्यात फरक आहे."

आकेनेसे येऊन गेली. तिने पोर तपासली, फुआतिनोला तपासलं, जवळ बसून बराच वेळ बोलली. मला बाहेर घेऊन म्हणाली, "अंग बरं आहे. मन बसलंय. एकटी ठेवू नका, झोपू द्या, खाऊ घाला. दोनेक आठवड्यांत फरक नाही पडला तर मोठ्या इस्पितळात नेऊ. आणि तालिता, इतकी वर्षं ती सगळ्यांना चोळते, तिला कुणी चोळलंय का?"

कुणी नाही. मी गावातल्या दोघीतिघींना विचारलं. एक म्हणाली, "तिला? मी? हात लावताच चुका काढेल." दुसरी म्हणाली, "माझे हात खरखरीत आहेत." तिसरी तर हसलीच. फुआतिनोची धास्ती अशी की तिने अंथरूण धरलेलं असतानाही कुणी जवळ यायला धजेना. मग उरले मी. आणि मी तर कधी माझ्या नवऱ्याच्याही पाठीला तेल लावलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानाला कडी घातली आणि खांबाला टांगलेली बाटली काढून तिच्या फालेत शिरले. मला पाहताच ती धडपडत उठली. कोको करायला.

"निज," मी म्हटलं.

ती बसली, पाय दुमडून, माझ्याकडे तळवे होऊ नयेत म्हणून वर चटई ओढून. मी चटई काढली. तिने पाय आणखी आत घेतले. मी घोटा धरून ओढला. तिने सोडवून घेतला. दोन मोठ्या बायका एका पायासाठी खेचाखेची करतायत, आणि पोर मध्ये पडून टकामका बघतेय. मी उठून चारी बाजूंची झापं खाली सोडली. नणंद भावजयीचे पाय चेपते हे कुणी पाहिलं असतं तर तिन्हीसांजेच्या प्रार्थनेत पाद्र्याने आमच्यासाठी वेगळी विनंती केली असती.

"फुआतिनो," मी म्हटलं, "मी तोमासीची बहीण आहे ना? माझा शब्द मोडायचा नाही ना? मग पाय सरळ कर."

तिने पाय सरळ केले. नाइलाज होता. फळीसारखी ताठ निजली, डोळे छताकडे.

मी तेल ओतलं. जरा जास्तच पडलं, चटईवर ओघळ गेला. पोटऱ्या चोळल्या. आठवत होतं तेवढं केलं. माझ्या पोटऱ्यांवर तिचे अंगठे कसे चढायचे ते मला डोक्यात आठवेना, पण पोटऱ्यांना आठवत होतं, म्हणून मी तसं तसं करत गेले. मांड्या, कंबर, खांदे. खांदे तर दगड झाले होते. मी सारखी बडबडत होते, कारण ती नेहमी बडबडते. दुकानातली साखर, चर्चच्या छपराची गळती, माझ्या नवऱ्याचं घोरणं. तिचे डोळे छतावरच. फक्त एकदा मान सैल पडली आणि डोळ्याच्या कडेतून पाणी कानात गेलं. मी पाहिलं नाही असं दाखवलं आणि घोरण्याचं पुढे चालू ठेवलं.

मग पोटाशी आले. हात हलका ठेवला, बोटं टेकवली आणि तिच्याच चालीवर सुरू केलं.

"काय गं भवाने, इथं काय करतेस? चूल पेटलीय, ताट वाढलंय. चल घरी, चल."

तोआला काही हलेना. मी बोटं जरा वर नेली, पुन्हा म्हटलं, "अगं चल की."

"अगं, ती सुआएसी आहे," फुआतिनो म्हणाली. "सकाळी तूच पाजलीस. तोआला खाली असते."

मी थांबले. तिने पटकन तोंडावर हात ठेवला. लग्न होऊन आल्यापासून या बाईने मला अगं म्हटलं नव्हतं, तू म्हटलं नव्हतं.

"चुकलं, वन्सं," ती पुटपुटली.

"काही चुकलं नाही," मी म्हटलं. "आणखी काय चुकतंय माझं, ते सांग."

एवढं म्हणायचाच अवकाश होता. जणू धरण फुटलं.

"सगळंच चुकतंय. हा हात आहे की वल्हं? केव्हापासून वल्हवतेस नुसती. तेल तर असं ओतलंय की मला तळायची आहे. पाच बाळंतपणं माझ्याकडून चोळून घेतलीस, ती काय झोपेत? आणि तो खांदा, तो खांदा दाबायचा नसतो, वाट बघायची असते त्याची. आणि तुझा नवरा घोरतो ते मला कशाला सांगतेस, ते इथपर्यंत ऐकू येतं."

माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी इतकं बोललं नव्हतं. आणि इतका आनंदही कधी झाला नव्हता. मी तिथेच बसून हसत होते आणि रडत होते, आणि तेलाच्या हातांनी डोळे पुसल्यामुळे आणखी रडत होते.

तेवढ्यात पोरीने सुरू केलं. गुडघे पोटाशी, मुठी आवळलेल्या, तोंड लालबुंद. फुआतिनोचं बोलणं तोडल्यासारखं थांबलं. तिने हात पदराखाली घ्यावेत तसे लुंगीखाली घेतले आणि तोंड फिरवलं.

बोलून काय उपयोग होता, बोलणं सगळ्यांनी करून पाहिलं होतं. मी पाय पसरले, पोरीला नडगीवर निजवलं, तेल लावलं, या वेळी बेताने, आणि तिच्या पोटावर हात फिरवायला लागले. पोर आणखी किंचाळली.

"उलटा चाललाय," फुआतिनो झापाला म्हणाली.

"काय?"

"हात उलटा चाललाय. तिच्या उजवीकडून वर, मग आडवा, मग डावीकडून खाली."

"तिची उजवी की माझी उजवी?" मी विचारलं. मुद्दाम नव्हे. त्या रडण्यात मला खरंच कळेना.

"देवा," ती म्हणाली, उठली, माझ्यासमोर येऊन बसली आणि माझं मनगट धरलं. आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि फिरवला. वर, आडवा, खाली. सावकाश. वर, आडवा, खाली. पोरीच्या किंचाळीतून हुंदके झाले, हुंदक्यांतून कुरकुर. फुआतिनो पोटाकडेच बघत होती, ओठ हलत होते.

मी माझा हात हळूच खालून काढून घेतला.

तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आलं तेव्हा तळहात जागच्या जागी थांबला. मला वाटलं, आता उचलते. फालेच्या बाहेर कुणीतरी नारळ सोलत होतं, तो आवाज तेवढा येत होता. मग तो हात पुन्हा फिरायला लागला. तिने गुडघे हळूच पोटाशी नेले, आणि तिची ती लेक, गावाने हसून हसून नाव ठेवलेली, अशी काही गायली की बाहेरचं नारळ सोलणं थांबलं.

पोर शांत झाली. मुठी उघडल्या. फुआतिनोने तळहात तिच्या पोटावर नुसता ठेवून दिला. पोट वरखाली होत होतं, आणि हातही.

"तालिता," ती म्हणाली, "ही तोआला नाही गं."

"मग कोण आहे?"

"पोर आहे." ती रडत होती आणि हात काढत नव्हती. "माझी पोर आहे. सांग सगळ्यांना. आणि तोमासीला म्हणावं, हिला एक चांगलं नाव शोध."

मी झापं वर केली. माझा भाऊ बाहेर अर्धवट सोललेला नारळ घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.